उन्हात ठेवलेला चष्मा

मला बंद पडलेल्या वस्तूंचा राग येतो. माणूस रुसला तर त्याची समजूत तरी काढता येते. मिक्सर रुसला तर त्याला काय म्हणणार? म्हणून मी तो उघडते. अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. तुला ह्या रागाचाच पगार मिळतो, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते फारसं खोटं नाही. राहतो आम्ही अमरावतीत. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, संध्याकाळी त्याच वाटेनं परत यायचं, आणि घरी शेजारपाजारची एखादी इस्त्री नाहीतर टॉर्च माझी वाट पाहत असायचा.

त्या हिवाळ्यात मात्र घरातला एक माणूसच बंद पडल्यासारखा झाला होता. माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई, तेव्हा मीही तसंच म्हणणार. मामाजींचा सगळा जन्म मोर्शीकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात गेला. पावसाळा संपता संपता ते विहिरीजवळच्या हौदाला अडखळून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पूर्वीची चाल काही परत आली नाही. मग दोघांनाही आम्ही अमरावतीला आणलं आणि पुढची खोली त्यांना दिली.

बगीच्याचा वरचा पट्टा जुना होता. झाडांना डिंक्या लागलेला, बुंध्यातून डिंक गळायचा, फळ दरवर्षी बारीक होत चाललं होतं. नवऱ्याचं म्हणणं, हा पट्टा पाडून नवी रोपं लावू. तो शाळेत शिकवतो आणि रविवारी शेती बघतो, त्यामुळे त्याला सगळं सुट्ट्यांमध्ये बसवायचं असतं. जेसीबीवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. मामाजींनी एका वाक्यात सगळं थांबवलं.

"माह्या डोळ्यानं पाह्यल्याशिवाय एकही झाड पाडायचं नाही."

नवऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढून आणले. मामाजींनी थोडं पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "तू वाळलेलंच दाखवून राहिला. चांगल्या झाडापाशी तुहा हात थांबतच नाही."

आता हे खोटं होतं का? नव्हतं. मी व्हिडिओ पाहिले होते. नवऱ्याला जे पटवायचं होतं तेच त्यानं दाखवलं होतं. पण मामाजींना तिकडे न्यायचं कसं? गाडी विहिरीपर्यंत जात होती. त्याच्या पुढे काळी माती, तीही ओलिताची. तीन पावलांत वॉकरचे पाय घोट्याएवढे रुतले असते. चाकाच्या खुर्चीचं तर नावच नको. चार माणसांनी उचलून नेऊ म्हटलं तर म्हणाले, "मले अजून तिरडीवर ठेवलं नाही तुमी." झालं, तो विषय संपला.

तेव्हापासून ते गप्प झाले. खाट उजव्या भिंतीला लागून, डाव्या हाताशी एक स्टूल. आत्याबाई त्या स्टुलावर चहा ठेवायच्या आणि तो तसाच गार व्हायचा. कधी मामाजींचा हात लागून कप उलटायचा. आत्याबाई फरशी पुसायच्या आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायच्या, "माह्याकडे पाहतबी नाहीत आता. मी खोलीत गेली काय आन् नाही गेली काय." पूर्वी त्या खोलीत शिरतानाच काहीतरी बोलत शिरायच्या. हळूहळू त्यांनी तेही सोडलं. चहा ठेवायचा आणि मुकाट्यानं निघून यायचं. मला दोघांचाही राग यायचा. ह्या वयात कसला अबोला धरता, असं अनेकदा जिभेवर यायचं, पण सुनेनं ते म्हणायचं नसतं.

अकोल्यात स्टेशनवरून कॉलेजकडे जायच्या वाटेवर एका फोटोग्राफरचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, हल्ली ड्रोन. त्याचा फ्लॅश मी एकदा दुरुस्त करून दिला होता, म्हणून तो मला बघितलं की हाक मारतो. एका दुपारी तो कपाट आवरत होता. जुना माल बाहेर काढलेला. त्यात एक काळं खोकं होतं, पट्टा लावलेलं, आत दोन भिंगं.

"हे काय?"

"ड्रोनचा चष्मा, मॅडम. नवीन घेतला मी. हा बंदच हाये, बॅटरी गेली. घेऊन जा, त्याच्यासोबतचं लहानं ड्रोनबी घेऊन जा."

हा चष्मा घातला की ड्रोनच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते थेट आपल्या डोळ्यांपुढे येतं. माणूस जागेवर बसलेला असतो आणि नजर मात्र फिरून येते. हे तो मला सांगत होता तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मला आमच्या पुढच्या खोलीतली खाट दिसत होती. भंगाराच्या भावात मी दोन्ही वस्तू घेतल्या आणि संध्याकाळच्या गाडीत पूर्ण वेळ ते खोकं मांडीवर ठेवून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, डबा का? मी हो म्हटलं.

चष्म्याच्या बाजूच्या कप्प्यातली चपटी बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली होती. अशी बॅटरी चार्ज करायची नसते, दाबायची नसते, टोचायची तर मुळीच नसते, आग लागते. मी ती वाळूच्या डब्यात ठेवून कॉलेजातल्या ई-कचऱ्यात नेऊन दिली. त्या मापाची नवी काही मिळेना. चष्माच जुना, त्याचं सामान कोण ठेवणार? पण यंत्राला बॅटरीच्या आकाराशी देणंघेणं नसतं. त्याला सात ते तेरा व्होल्टच्या मधलं काहीही चालणार होतं, एवढं मागच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी घरात पडून होती. ती उघडली की आत आपल्या टॉर्चच्या सेलसारखे, पण थोडे जाड, गोल सेल निघतात. त्यातले चांगले निवडायचे, दोन एकापुढे एक जोडायचे, की आठ व्होल्टच्या आसपास मिळतात. सेलला थेट सोल्डरिंगचा डाग दिला तर तो तापून बिघडतो, म्हणून त्यांच्यासाठी डबी घेतली. जास्त चार्ज किंवा जास्त रिकामे होऊ नयेत म्हणून एक रक्षक सर्किट घातलं, आणि बॅटरी संपत आली की पीं-पीं करणारा एक बारका भोंगाही.

हे सगळं मी पुढच्या खोलीतच करत असे, मामाजींच्या खाटेसमोर, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. मुद्दामच. पहिले दोन दिवस त्यांनी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय करून राहिली?"

"तुमाले बगीच्यात न्यायची तयारी."

"ह्या डब्यात बसवून?"

"डबा तुमच्या डोक्यावर बसवून."

ते हसले नाहीत, पण वळले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मी म्हणीन तिकडेच जाईल ना ते? का तू नेशील तिकडं?"

"तुमी म्हणाल तिकडेच."

"मंग बनव."

घरातलं वारं त्या दिवशी बदललं. चष्म्याच्या आतल्या कडेला लावलेला फोम कुजला होता. घातला की गालावर काळी भुकटी पडायची. आत्याबाईंनी त्यांच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा काढला, आत कापूस भरला आणि बारीक टाके घालून अशी गादी शिवली की विकत मिळणार नाही. निळ्या लुगड्याची, पिवळ्या काठाची. बॅटरी समोरच्या बाजूला ठेवली तर मान पुढे ओढली जाते, म्हणून मी ती पट्ट्यावर मागे नेली, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखं झालं. ड्रोन उडवायला मी कॉलेजच्या मागच्या मैदानात शिकले. दोन पंखे मोडले, एकदा ते बाभळीत अडकलं, पण हात बसला.

आता फक्त सेलची खात्री होत नव्हती. लॅपटॉपमधून काढलेले म्हातारे सेल ते. पूर्ण चार्ज व्हायचे आणि अर्ध्या तासात भोंगा वाजायचा. एका संध्याकाळी मी वैतागून म्हणाले, "ह्या सेलात दमच नाही राह्यला." आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याहून परत आले तर वर्तमानपत्रावर चष्मा नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, तशा आत्याबाई कणीक सोडून लगबगीनं गच्चीवर गेल्या आणि तो घेऊन आल्या. तोंडावर समाधान. "दिवसभर उन्हात ठेवला होता. चांगलं कडक ऊन होतं. आता पाह्य, सेल जागे झाले असतील."

शेतात राहणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. रात्री ओलित करायला जाताना टॉर्च मंद झाला की सकाळी त्यातले सेल काढून उन्हात ठेवायचे. संध्याकाळी ते थोडा वेळ पुन्हा पेटतात. मामाजींनीच त्यांना लग्न झाल्यावर हे शिकवलं होतं. आत्याबाईंनी फक्त सेल ठेवले नव्हते. सगळा चष्माच मिरच्यांशेजारी वाळत घातला होता, भिंगं आकाशाकडे करून, म्हणजे ऊन अगदी आतपर्यंत जाईल.

भिंगातून ऊन आत गेलं की काय होतं ते शाळेतल्या कोणत्याही पोरानं कागद जाळून पाहिलेलं असतं. मी चष्मा लावला. उजव्या भिंगावर पट्टा पडला होता, म्हणून त्याच्यामागचा बारका पडदा वाचला. डाव्या पडद्याच्या मधोमध मात्र रुपयाएवढा तपकिरी डाग, कडेनं पिवळा, मध्ये काळा.

मग मी बोलले. खूप बोलले. विचारायचं नाही का, हात लावायचाच कशाला, सहा आठवड्यांची मेहनत, असं सगळं. आवाज पुढच्या खोलीत जात होता हे मला कळत होतं आणि मी तो खाली आणला नाही. आत्याबाई पुन्हा पिठात हात घालून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मामाजींनी पुढच्या खोलीतून विचारलं.

मी चष्मा घेऊन त्यांच्यासमोर गेले. "पडदा जळला, मामाजी. उन्हानं."

"कोनता?"

"डावा."

"डावाच ना?" ते अगदी सहज म्हणाले. "मंग काय एवढी वरडून राहिली. डाव्यानं मले तसंबी काही दिसत नाही."

मी तिथेच खाली बसले. आत्याबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या. नवरा वह्या तपासत होता, तो उठून आला.

"कदीपासून?" आत्याबाईंनी विचारलं.

"झाले दोन-तीन वर्सं. पयले कडेकडेनं गेलं. मंग सगळंच."

हौद त्यांच्या डाव्या अंगाला होता. सगळं आयुष्य ज्याच्या काठावर बसून पाय धुतले त्या हौदाला हा माणूस अडखळला कसा, हे आम्हाला कधी उमगलंच नव्हतं. आम्ही वयाला बोल लावला होता, चपलेला लावला होता. आणि स्टूलही डावीकडे. चहा डावीकडे. आत्याबाई खोलीत यायच्या त्या डावीकडून, आवाज न करता.

नवरा चिडला. त्याचा चेहरा लाल झाला. "सांगतलं काहून नाही?"

मामाजींनी त्याच्याकडे तोंड वळवलं, पूर्ण मान वळवून, आणि ती मान ते नेहमीच इतकी का वळवतात हे मला तेव्हा समजलं. "सांगतलं असतं तं बगीच्यात जाऊ देल्लं असतं का तुमी मले?"

नसतंच जाऊ दिलं. आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यांच्याच भल्यासाठी, त्याच दिवशी त्यांना उचलून अमरावतीला आणलं असतं. मला त्यांचा राग आला, खरंच आला, आणि त्या रागात रडूही आलं. आत्याबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी स्टूल उचललं, खाटेच्या पायथ्याशी, मामाजींना समोर दिसेल असं ठेवलं आणि पुन्हा पोळ्यांकडे गेल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तपासून काचबिंदू सांगितला. डावा गेला तो गेला. उजव्यालाही सुरुवात झाली होती, पण तो रोजच्या थेंबांनी राखता येईल, वेळेवर आलात, म्हणाले. परतताना गाडी घराजवळ आल्यावर आत्याबाई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "माह्या उन्हानं पत्ता लागला." मी म्हटलं, "लागला, आत्याबाई." एवढंच. त्या रात्रीच्या बोलण्याची माफी मी कधी मागितली नाही आणि त्यांनीही कधी तो विषय काढला नाही. पण नंतर कित्येक दिवस कुणी पाहुणा आला की त्या चष्मा आणून दाखवायच्या आणि हा मी कसा जाळला ते रंगवून सांगायच्या.

मी डाव्या पडद्याची तार सोडवून टाकली आणि त्या भिंगावर आतून काळा कागद चिकटवला. एकच पडदा चालायचा म्हटल्यावर बॅटरी बरीच जास्त वेळ पुरू लागली. एका डोळ्याच्या माणसासाठी एका डोळ्याचा चष्मा. उन्हात राहिलेले दोन सेल मी काढून टाकले आणि उरलेल्यांतले दोन घातले. तेही फार भरवशाचे नव्हते.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं निघालो. नवऱ्यानं गाडी विहिरीपाशी लावली, कोठ्यातली, म्हणजे शेतातल्या गोठ्यातली, खाट उन्हात आणून टाकली आणि मामाजींना तिच्यावर बसवलं. हौदाकडे त्यांनी पाहिलं नाही. हवेत गारवा होता. झाडांना पुढच्या फुलोऱ्यासाठी, आंबिया बहरासाठी, ताण दिलेला होता, म्हणजे पाणी तोडलेलं. अशा दिवसांत चांगलं झाडही पानं मुरडून घेतं, त्यामुळे नुसतं बघून कोणतं आजारी आणि कोणतं उपाशी हे सांगायला जाणकाराचाच डोळा लागतो. मामाजींना नेमकं हेच बघायचं होतं.

आत्याबाईंनी निळी गादी नाकावर नीट बसवली. मी पट्टा आवळला. ड्रोनचं चित्र एकाच वेळी दोन ठिकाणी दिसायची सोय होती. चष्मा मामाजींच्या डोळ्यांवर आणि एक छोटा पडदा माझ्यासमोर. ड्रोन उडालं तसे मामाजींनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली.

"पडलो मी," ते म्हणाले.

"नाही पडले. बसलेलेच आहा."

थोड्या वेळानं हात सुटले. मग सुरू झालं. "धुऱ्याकडून, बांधाच्या कडेनं घे. खाली. अजून खाली, पोरी, बुंधा दिसला पाह्यजे. थांब. आता फिर." मी दोन ओळींच्या मधून ड्रोन हळूहळू नेत होते. पानं पंख्यांच्या वाऱ्यानं हलत होती आणि एखादी फांदी जवळ आली की मामाजी चेहऱ्यापुढे हात धरायचे. कोणत्या झाडाला कुठे जखम आहे, कोणत्या बुंध्याला बोर्डो मलम लावूनही डिंक थांबला नाही, ते त्यांना पाठ होतं. ते फक्त ताडून पाहत होते. नवरा त्यांच्या मागे उभा राहून माझ्या पडद्यावर बघत होता. मध्येच तो म्हणाला, "ते पाहा, बाबा, वाळलं."

"उपाशी हाये ते. वाळलं नाही. पानी देशील तं फुटते."

तेवढ्यात भोंगा वाजला. पीं, पीं, आणि चष्म्यात अंधार. सेलनी दगा दिला होता. मी ड्रोन उतरवलं आणि मनातल्या मनात सेलना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मामाजी तसेच बसून होते, चष्मा न काढता. "झालं का?" त्यांनी विचारलं. इतक्या लहान आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

कोठ्यात फवारणीचा पंप होता, पाठीवर घ्यायचा, बॅटरीचा. मी नवऱ्याला तो आणायला सांगितला. खालचं झाकण उघडलं तर आत बारा व्होल्टची काळी बॅटरी, नुकतीच चार्ज केलेली. तेराच्या आत असली तरी माझा तिच्यावर विश्वास नव्हता, म्हणून व्होल्टेज उतरवणारं एक लहान सर्किट, जे माझ्या पिशवीत कायम असतं, मध्ये घातलं. लांब वायर काढली आणि पंप मामाजींच्या पायाशी ठेवला. पुन्हा चित्र आलं तसा त्यांनी हात खाली नेऊन पंप चाचपला.

"हा माहाच पंप हाये ना?"

"तुमचाच."

"मंग घाई नाही," ते म्हणाले. "हा दिवसभर चालते."

ड्रोनची बॅटरी बदलून मी ते पुन्हा उडवलं. मामाजींनी वरचा पट्टा अर्धा राहिला होता तो पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "आता वर ने. झाडाच्या वर."

मी वर नेलं. खालून हिरवी दिसणारी ती झाडं वरून तशी नव्हती. एकामागून एक झाडाचे शेंडे वाळून गेले होते, नुसत्या करड्या काड्या राहिल्या होत्या, आणि हिरवळ होती ती कडेकडेनं, खाली. विहिरीजवळच्या ओळी मात्र वरूनही भरलेल्या होत्या. बघा, मी म्हणत होतो, असं नवरा म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटलं.

"जिंदगीभर खालूनच पाह्यलं मी ह्याले," मामाजी म्हणाले. "वरचा पट्टा पाडून टाक. विहिरीजवळच्याले हात नको लावू, त्याच्यात अजून दम हाये. आन् पाडायच्या दिवशी मले आनजो."

"आनतो, बाबा," नवरा म्हणाला.

मी ड्रोन परत वळवलं. ओळ संपली आणि समोर विहीर आली, आमची गाडी आली, मग खाट. खाटेवर एक म्हातारा बसला होता. पाठ वाकलेली, चेहऱ्यावर काळं खोकं, पायाशी फवारणीचा पंप.

"ते कोन बसलं हाये?" मामाजींनी विचारलं.

नवरा सांगणार होता, मी मानेनंच नको म्हटलं. मामाजींनी हळूच हात वर केला. समोरच्या म्हाताऱ्यानंही केला. त्यांनी तो तसाच वर धरून ठेवला, मग खाली घेतला.

"येवढा बुढा झालो काय मी," ते म्हणाले. "ह्या बुढ्याले घरी न्या आता. थंडी वाजून राहिली त्याले."

गाडीजवळ उभ्या असलेल्या आत्याबाईंनी ते ऐकलं. त्यांनी मागच्या सीटवरची शाल काढली आणि त्या खाटेकडे यायला लागल्या, डाव्या बाजूनं, सवयीप्रमाणे काही न बोलता. माझ्या पडद्यावर त्या लहानशा दिसत होत्या, नऊवारी सावरत, मातीची ढेकळं चुकवत. मामाजींच्या चष्म्यातही त्या तशाच दिसत असणार. आधी मामाजींचा उजवा हात पुढे आला, मग ते जरा गोंधळले, चित्र समोरून होतं ना, डावं ते उजवीकडे दिसत होतं, आणि मग डावा हात बाहेर आला, पंजा उघडा करून. आत्याबाई अजून पाच-सहा पावलांवर होत्या.

"ये," मामाजी म्हणाले. "दिसून राहिली तू मले."

आत्याबाई होत्या तिथेच थांबल्या. शाल त्यांच्या दोन्ही हातांत होती. ड्रोनची बॅटरी संपत आली होती, ते मला दिसत होतं. मी ते तसंच हवेत धरून ठेवलं, जेवढा वेळ धरता येईल तेवढा.